खेळाडू की गिऱ्हाईक?

पत्र: माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा आहे, फुटबॉलमध्ये स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू म्हणून खेळतो. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या संघातून वर आला, आता आय-लीगमधल्या (आयएसएलच्या खालच्या राष्ट्रीय लीगमधल्या) एका क्लबात त्याचं दुसरं वर्ष चालू आहे. करार ३१ मेला संपतो. क्लब थोडा पगार वाढवून आणखी दोन वर्षांची सही मागतोय. अशात एका एजंटने क्रोएशियातल्या तिसऱ्या श्रेणीच्या क्लबात ट्रायल ‘पक्की’ केल्याचं सांगितलंय. व्हिसा, तिकीट, राहणं आणि ‘क्लब प्रोसेसिंग’ मिळून साडेसहा लाख. तिथून वर्षभरात इंग्लंडला जाता येतं, असंही तो म्हणतो. बाबांनी ५० हजार टोकन भरलंय. उरलेल्या पैशांसाठी मी पर्सनल लोन काढावं, असं घरचे म्हणतात, कारण पगारदार मीच. भाऊ म्हणतो, ‘ही संधी गेली तर मी तुला कधी माफ करणार नाही.’ काय करू? – एक बहीण, कोल्हापूर, सध्या पुणे

ताई, कर्ज काढू नका.

का ते सांगतो. पण तुमच्या भावाने बाहेर जाऊच नये, असं माझं अजिबात म्हणणं नाही. त्याने जावं. फक्त आत्ता जसं ठरतंय तसं जाऊ नये.

आधी हिशेब मांडू. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. शेंगेनच्या अल्पमुदतीच्या व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, म्हणजे नऊ-दहा हजार रुपये. मुंबई ते झाग्रेब जाऊन-येऊन तिकीट, तीन आठवडे एखाद्या खोलीचं भाडं, खाणं, विमा हे सगळं सढळ हाताने धरलंत तरी आकडा दोन-सव्वादोन लाखांच्या पुढे जाताना दमतो. मग वरचे चार लाख कशाचे? ‘क्लब प्रोसेसिंग’ नावाचा खर्च व्यावसायिक फुटबॉलमध्ये नसतो. मी काही वर्षं एका क्लबात खेळाडूंच्या नोंदणीची कागदपत्रं हाताळली आहेत. क्लब खेळाडूला पैसे देतो. एजंट त्याच्या पगारातून किंवा क्लबकडून आपला वाटा घेतो, तोही करार झाल्यावर. लहान क्लब ट्रायलचं तिकीट काढून देत नाहीत, हे खरं आहे. ते आपल्या खिशातून गेलं तर त्यात गैर काही नाही. पण बोलावणाऱ्यालाच आपण पैसे द्यायचे असतील, तर तिथे तुमचा भाऊ खेळाडू म्हणून जात नाहीये, गिऱ्हाईक म्हणून जातोय. आणि गिऱ्हाइकाला तीन आठवडे मैदानावर पळवून, दोन फोटो काढून, ‘थोडा फिटनेस कमी पडला’ म्हणून परत पाठवणं फार सोपं असतं.

हे भारतातच घडतं असं नाही. जून २०२३ मध्ये उत्तर पोर्तुगालमधल्या एका अकादमीवर तिथल्या अधिकाऱ्यांनी छापा घातला, तेव्हा दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आशियातून आणलेली कितीतरी मुलं सापडली. त्यातली बरीच अल्पवयीन होती. तुमचा भाऊ सज्ञान आहे, म्हणून त्याला कुणी कोंडून ठेवणार नाही, पण धंद्याची रीत तीच.

आता हा एजंट खरा की खोटा, हे तुम्ही पुण्यात बसून तासाभरात तपासू शकता. एजंट म्हणून काम करायला फिफाची परीक्षा पास होऊन परवाना घ्यावा लागतो, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येते. त्यात नाव शोधा. ‘माझा तिकडे पार्टनर आहे, परवाना त्याच्याकडे’ असं उत्तर आलं तर त्या पार्टनरचं नाव मागा आणि तेही शोधा. एजंटच्या मोबदल्यावर तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालायचा फिफाचा प्रयत्न कोर्टकचेऱ्यांत अडकला आणि २०२३ च्या अखेरीस तो भाग स्थगित झाला. त्यामुळे टक्केवारीवर घासाघीस होऊ शकते. पण परवान्याची अट कायम आहे.

दुसरं काम याहून मजेशीर आहे. क्रोएशियाच्या फुटबॉल महासंघाचं ‘सेमाफोर’ नावाचं संकेतस्थळ आहे. खालच्या श्रेणींतल्या सामन्यांचीही नोंद तिथे मिळते: कोण खेळलं, किती मिनिटं, कोण बदली आलं. एजंटने सांगितलेल्या क्लबचं नाव टाका. गेल्या दोन हंगामांत किती परदेशी मुलं नोंदवली गेली आणि ती मैदानावर किती वेळ होती, ते पाहा. मग एजंटला विचारा, ‘तुम्ही याआधी तिकडे पाठवलेल्या मुलांची नावं सांगा.’ ती नावंही तिथे शोधा. सापडली आणि पुढे मिनिटं दिसली तर गोष्ट वेगळी. नावंच मिळाली नाहीत, तर उरलेलं पत्र वाचायची गरज नाही.

(वाचणार आहात, माहीत आहे.)

व्हिसाबद्दल भावाला एक नीट समजावून सांगा. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पगार घेऊन खेळता येत नाही. पगार घ्यायचा तर राहण्याचा आणि कामाचा परवाना लागतो, आणि त्यासाठी अर्ज क्लबनेच करायचा असतो. शिवाय तुमचा भाऊ इथे व्यावसायिक म्हणून नोंदलेला आहे. तो दुसऱ्या देशात नोंदवला जायचा तर तिथल्या महासंघाने आपल्या एआयएफएफकडे (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे) आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र मागावं लागतं. ते फिफाच्या ऑनलाइन यंत्रणेतून, आणि तिकडची नोंदणीची मुदत उघडी असताना. ‘आधी या, कागद नंतर बघू’ या वाक्याने कितीतरी पोरांचे हंगाम खाल्ले आहेत.

आणि आणखी एक. त्याचा करार ३१ मेला संपतोय. फिफाच्या नियमाप्रमाणे करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढच्या हंगामाचा करार उघडपणे करू शकतो. म्हणजे त्या क्रोएशियन क्लबला तो खरोखर हवा असेल, तर त्यांना आज सही घ्यायला कुणी अडवलेलं नाही, आणि सध्याच्या क्लबला ट्रान्सफरची रक्कमही द्यावी लागत नाही. फुकट मिळणारा स्टॉपर सोडून ट्रायलवर बोलावतायत, त्यातही पैसे घेऊन. तुम्हीच विचार करा.

आता भावाच्या स्वप्नाकडे येतो, कारण खरा पेच तिथे आहे.

एजंट म्हणतो, तिथून वर्षभरात इंग्लंड. २००९ मध्ये सुनील छेत्रीने लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार केला होता. क्लब तयार, खेळाडू तयार. ब्रिटिश सरकारने वर्क परमिट नाकारलं, कारण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरात नव्हता. आता नियमांची रचना बदलून गुणांची पद्धत आली आहे, पण राष्ट्रीय संघाची क्रमवारी आणि खेळाडू कुठल्या दर्जाच्या लीगमध्ये किती मिनिटं खेळला, यावरच मुख्यतः गुण मिळतात. क्रोएशियाच्या तिसऱ्या श्रेणीतून ते जमणं अशक्यच म्हणा. पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाकडे २०१० पासून ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधला क्लब आहे. मालक आपल्याकडचा असला तरी वर्क परमिट ब्रिटिश सरकारच देतं. तेव्हा इंग्लंड हा शब्द ज्याच्या तोंडून इतक्या सहज निघतो, त्याला एक तर नियम माहीत नाहीत किंवा तुम्हाला ते माहीत नसावेत, अशी त्याची इच्छा आहे.

पण क्रोएशिया म्हटल्यावर त्याच्या डोक्यात कोण असेल, हे मी ओळखलं आहे. संदेश झिंगन. ऑगस्ट २०२१ मध्ये तो मोहन बागान सोडून अॅड्रियाटिक किनाऱ्यावरच्या शिबेनिक गावच्या क्लबात गेला. लीग पहिल्या श्रेणीची, दहाच संघांची. भारताचा सगळ्यात नावाजलेला स्टॉपर, वय २८. सराव सुरू झाला आणि पोटरी दुखावली. जानेवारी २०२२ मध्ये तो कोलकात्याला परत आला, एकही अधिकृत सामना न खेळता. यात त्याची चूक नाही. पुढे तो बंगळुरूला आणि मग गोव्याला खेळला, राष्ट्रीय संघातही राहिला. मला यातून दिसतं ते एवढंच: क्लबला तो हवा होता, पहिल्या श्रेणीचा करार हातात होता, इथे उभं केलेलं नाव होतं, तरी एका पोटरीने सगळं थांबलं. दुखापतीनंतर परत यायला त्याच्याकडे क्लब होता. तुमच्या भावाने कर्जाच्या पैशावर ट्रायलला जाऊन तिसऱ्या दिवशी पोटरी धरली, तर? शेंगेन व्हिसासाठी जो प्रवास-विमा काढावा लागतो, त्यात स्पर्धात्मक खेळातली दुखापत बहुधा धरलेली नसते. करार नाही म्हणजे क्लबची जबाबदारी नाही. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून तुमचा.

फॉरवर्डला पाच मिनिटांत एक गोल करून डोळ्यांत भरता येतं. गोलकीपरला एक अफलातून अडवणूक पुरते. स्टॉपरचं तसं नाही. त्याचं काम विश्वासावर चालतं, आणि तो विश्वास शेजारच्या स्टॉपरला, मागच्या कीपरला, पुढच्या मिडफिल्डरला महिनोन् महिने सोबत खेळून येतो. मुळात स्टॉपरला सतत बोलावं लागतं. रेषा वर काढ, मागे ये, तुझ्या पाठीवर माणूस आहे, हे त्याने एका श्वासात ओरडायचं असतं, आणि ते त्या ड्रेसिंग रूमच्या भाषेत. विंगर मुका असला तरी चालून जातं. मुका स्टॉपर कुठलाच कोच उभा करत नाही. म्हणून परदेशी क्लब स्टॉपर निवडताना तीन आठवड्यांच्या ट्रायलपेक्षा गेल्या दोन-तीन हंगामांत तो किती सामने, किती नव्वद मिनिटं सलग उभा राहिला, हे बघतात.

आशियातून गेलेल्या स्टॉपरांचे रस्ते बघा. किम मिन-जे कोरियात आधी एका कंपनीच्या संघातून खालच्या लीगमध्ये खेळला, मग २०१७ मध्ये जिओनबुक, तिथे दोनदा लीग जिंकला. युरोपचं नाव नाही. २०१९ मध्ये गेला तो बीजिंगला! लोकांनी नाकं मुरडली. २०२१ मध्ये तुर्कीचा फेनेरबाचे, २०२२ मध्ये नापोली आणि त्याच हंगामात इटलीचं विजेतेपद, २०२३ मध्ये बायर्न म्युनिक. युरोपात पाय ठेवला तेव्हा वय २४. उझबेकिस्तानचा अब्दुकोदिर खुसानोव १८ वर्षांचा असताना बेलारूसमधल्या मिन्स्कच्या एका लहान क्लबात गेला. बेलारूसला कोण स्वप्नात बघतं? पण तिथे तो दर आठवड्याला खेळला. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या लाँसने उचललं, जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीने. जपानचा माया योशिदा (नावावर जाऊ नका, सहा फुटांचा रांगडा गडी आहे) नागोयाच्या मुख्य संघात पक्का झाल्यावर २०१० मध्ये नेदरलँड्सच्या व्हेन्लोला गेला, तेव्हा तुमच्या भावाएवढाच, २१ वर्षांचा. व्हेन्लो हा तळाशी धडपडणारा संघ. अडीच वर्षांनी इंग्लंडचा साउदम्प्टन, आणि तिथे सात वर्षांहून जास्त काळ.

तिघांचे देश वेगळे, स्वभाव वेगळे. पण कुणीही ट्रायलसाठी पैसे भरून गेला नाही, आणि प्रत्येक जण जिथे खेळायला मिळेल तिथेच गेला. क्लबचं नाव किती मोठं, हे नंतर आलं. आपले लोक इथे चुकतात. आपल्याला ‘युरोप’ हा शब्द हवा असतो. क्रोएशियाच्या तिसऱ्या श्रेणीत अनेक जण दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात. तिथला बाकावर बसलेला परदेशी मुलगा आणि आय-लीगमध्ये वर्षाला वीस सामने खेळणारा स्टॉपर, यांत मला विचाराल तर दुसरा युरोपच्या जास्त जवळ आहे.

तुमच्या भावाला घाई का सुटली आहे, हेही मला कळतं. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सर्वोच्च लीगचा, हंगामच लांबणीवर टाकला गेला, काही क्लबांनी पगार थांबवले, देशातल्या चांगल्या खेळाडूंनाही पुढच्या महिन्याचा भरवसा राहिला नाही. अशा वेळी २१ वर्षांच्या पोराला बाहेर पळावंसं वाटलं, तर त्याला दोष कसा द्यायचा? पण स्टॉपर पिकतो तो पंचविशीनंतर. त्याच्याकडे वेळ आहे, हे त्याला कुणीतरी पटवून द्यायला हवं.

मग क्लबच्या दोन वर्षांच्या सहीचं काय? सही करावी, पण जशी मांडली आहे तशी नाही. एक वर्ष मागा. ते अडून बसले तर दोन वर्षं द्या, आणि परदेशी क्लबकडून लेखी मागणी आली तर ठरलेल्या रकमेवर सोडावं, असं कलम कागदावर घाला. रक्कम लहान ठेवा, नाहीतर त्या कलमाला अर्थ नाही. तोंडी आश्वासन घेऊ नका, व्यवस्थापक बदलतात. पगाराची तारीख, दुखापतीत उपचार कुणी करायचे आणि पगार चालू राहणार का, हे मुद्दे नुसते आहेत का ते पाहू नका, नीट वाचा. भारतीय खेळाडूंची संघटना आहे, एफपीएआय. सहीआधी करार त्यांना दाखवा.

पुढे कधी परदेशी करार खरोखर आलाच, तर हेही लक्षात असू द्या. मेडिकल किंवा वर्क परमिट मिळाल्यावरच करार लागू होईल, अशी अट फिफाच्या नियमांत चालत नाही. या तपासण्या सहीच्या आधी करायच्या असतात. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस वाट पाहायची, आणि त्यानंतर खेळाडू करार मोडून मोकळा होऊ शकतो. तक्रार फिफाच्या न्यायाधिकरणाकडे जाते आणि खेळाडूला तिथे फी भरावी लागत नाही. ही कलमं बऱ्याच पोरांना सही करून दोन वर्षं झाली तरी माहीत नसतात. भाषा समजत नसेल तर भाषांतर हातात आल्याशिवाय पेन उघडायचं नाही.

आता थोडं थेट तुझ्याशी, भावा. ताई हे तुला वाचून दाखवेलच.

तुझी चित्रफीत मी पाहिलेली नाही, पण त्यात काय असेल ते सांगतो: घसरून केलेले टॅकल, एक-दोन हेडर, मागे गाणं. ती फेकून दे. परदेशात स्टॉपर बघणारा माणूस घसरलेला टॅकल पाहून विचारतो, हा उशिरा का पोहोचला? त्याला पूर्ण नव्वद मिनिटं हवी असतात. तुझे तीन पूर्ण सामने काढ, त्यातला एक हरलेला असू दे. शून्य-दोन पिछाडीवर असताना तू किती बोलतोस, चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तू कुठे उभा असतोस, हे त्यात दिसतं. क्लब आता वायस्काउटसारख्या व्यासपीठांवर खेळाडू शोधतात. तुझे सामने तिथे तुझ्या नावाने नीट नोंदलेत का, हे क्लबच्या व्हिडिओ विश्लेषकाला विचार. डावा पाय किती वापरतोस? डाव्या पायाचा स्टॉपर जगभर दुर्मीळ आहे. उजव्या पायाचा असून डावीकडे खेळू शकणाराही चालतो. इंग्रजी सुधार, पुस्तकी नको, मैदानावर ओरडता येईल एवढी. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर प्रेक्षकांचा गोंगाट चिरून आवाज देता येतो ना? तोच आवाज दुसऱ्या भाषेत.

आणि बहिणीला ‘माफ करणार नाही’ म्हणालास ते मागे घे. ती तुझी वाट अडवत नाहीये. तुझ्या एजंटने स्वतःच्या खिशातला एक रुपयाही या सौद्यात लावलेला नाही. लावायचेत ते तिने. तुझ्यावर त्याचा इतका विश्वास असता, तर करार झाल्यावर तुझ्या पगारातून घेतले असते.

ताई, पुन्हा तुमच्याकडे येतो. नकार तुम्ही एकट्यांनी देऊ नका, नाहीतर घरात खापर तुमच्यावर फुटेल. सेमाफोर आणि फिफाची यादी भावाला शेजारी बसवून उघडा. बाबांनाही बसवा. जे दिसेल ते तिघांनी मिळून पाहावं. तुम्हाला त्याच्यासाठी पैसे खर्च करायचेच असतील, तर वर्षभर चांगल्या स्ट्रेंग्थ कोचची फी भरा, इंग्रजीचा वर्ग लावून द्या. साडेसहा लाखांच्या पाव रकमेत होईल, आणि त्याचा उपयोग आय-लीगमध्येही आहे, बाहेरही.

टोकनच्या ५० हजारांचं आजच करा. एजंटला ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर लेखी चार गोष्टी मागा: फिफा परवाना क्रमांक, क्लबच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं निमंत्रणपत्र, साडेसहा लाखांचा तपशीलवार हिशेब, आणि टोकन परत करण्याच्या अटी. आलेलं निमंत्रणपत्र खरं मानून चालू नका. क्लबचा फोन महासंघाच्या संकेतस्थळावरून काढा, एजंटने दिलेला नंबर नको, आणि स्वतः फोन करून विचारा. सात दिवसांची मुदत द्या. फोनवर बोलणं झालं तरी त्याचा गोषवारा लिहून पाठवा. बाबांनी पैसे यूपीआयने दिले असतील तर व्यवहाराचा क्रमांक आणि पावती जपून ठेवा. उत्तर आलं नाही, किंवा कागद खोटे निघाले, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही अर्ज द्या. तोवर बाबांना सांगा, ‘सीट जाईल, आजच भरा’ असा कितीही फोन आला तरी दुसरा हप्ता द्यायचा नाही.